आशियाई महिला फुटबॉलची पहिली वर्षं: हाँगकाँग, तैपेई, कालिकत

एका क्रीडाशिक्षिकेनं विचारलंय: शाळेत मुलींचा फुटबॉल संघ सुरू केलाय आणि क्रीडा कक्षात भारतीय महिला फुटबॉलच्या इतिहासाचा फलक लावायचाय. एकीकडे वाचायला मिळतं की भारत १९८० आणि १९८३ साली आशियाई उपविजेता होता, दुसरीकडे लिहिलेलं असतं की त्या स्पर्धा ‘अनधिकृत’ होत्या. मग फलकावर काय लिहायचं? आणि हे खरं असेल तर आपण पुढे एवढे मागे कसे पडलो?

मॅडम, फलकावर बेधडक लिहा. १९८० उपविजेता, १९८१ तिसरा क्रमांक, १९८३ उपविजेता. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आशियाई फुटबॉल महासंघ आज स्वतःच्या महिला आशिया चषकाचा इतिहास सांगतो तो १९७५ पासूनच, आणि त्या यादीत ही तिन्ही वर्षं आहेत. ‘अनधिकृत’ हा शेराही अगदी हवेतून आलेला नाही. त्या काळात ही स्पर्धा महासंघ भरवतच नव्हता, भरवणारी संघटना वेगळी होती. तुमचा दुसरा प्रश्नही इथूनच सुटायला लागतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. मुलींचे संघ तयार करण्यात आणि स्पर्धांच्या तांत्रिक समित्यांवर काम करण्यात माझं बरंचसं आयुष्य गेलं. जुना निकाल वाचताना मी आधी स्कोअर बघत नाही. संघ कुणी पाठवला होता, कोण आलं नव्हतं, सामना किती मिनिटांचा होता आणि त्या मुलींना पुढच्या वर्षी पुन्हा खेळायला मिळालं का, एवढं आधी बघते. या स्पर्धेच्या बाबतीत तर ते बघितल्याशिवाय काही कळतच नाही.

आशियाई महासंघाची स्थापना १९५४ ची. पण पुढची तीन दशकं महिला फुटबॉल त्याच्या कामकाजात नव्हतं. ते काम १९६८ साली हाँगकाँग, तैवान, मलेशिया आणि सिंगापूर इथल्या मंडळींनी स्वतःच हाती घेतलं आणि महिलांसाठी वेगळी आशियाई संघटना काढली. हाँगकाँगच्या व्हेरोनिका चिउ या त्यातल्या पुढारी. १९६८ साल म्हणजे काय ते नीट लक्षात घ्या. इंग्लंडमध्ये तेव्हा १९२१ ची बंदी अजून उठलेली नव्हती. महिलांच्या सामन्यांना संलग्न क्लबांनी आपली मैदानं द्यायची नाहीत, असा तो फतवा होता. पश्चिम जर्मनीच्या महासंघानं १९५५ साली घातलेली बंदी १९७० पर्यंत टिकली. म्हणजे फुटबॉलची माहेरघरं म्हणवणाऱ्या देशांत मुलींना मैदान मिळत नव्हतं, तेव्हा आशियात महिलांची खंडीय संघटना उभी राहिली होती. महिला फुटबॉल युरोपातून सगळीकडे पसरलं आणि आशिया उशिरा जागा झाला, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अजिबात पटत नाही.

पहिली स्पर्धा हाँगकाँगमध्ये झाली, २५ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर १९७५. सहा संघ: हाँगकाँग, मलेशिया, सिंगापूर, थायलंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. अंतिम सामन्यात न्यूझीलंडनं थायलंडला ३-१ हरवलं आणि ऑस्ट्रेलियानं मलेशियाला ५-० हरवून तिसरा क्रमांक घेतला. आशियाच्या पहिल्या स्पर्धेचा विजेता आशियाबाहेरचा, हे वाचून मुली हसतील. हसू द्या, पण कारणही सांगा. संघटना स्वतंत्र होती, पुरुषांच्या महासंघांनी आखलेल्या सीमा तिला लागू नव्हत्या. जो संघ स्वतःच्या हिमतीवर येईल त्याला प्रवेश होता. न्यूझीलंडच्या महिला राष्ट्रीय संघाचा इतिहासातला पहिला सामना याच स्पर्धेतला. बार्बरा कॉक्स कर्णधार होती आणि त्यांनी हाँगकाँगला २-० हरवलं.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट वेगळी झाली. त्यांच्या संघाचा गाभा सिडनीतल्या सेंट जॉर्ज क्लबच्या मुलींचा होता. पॅट ओ’कॉनर कर्णधार, आणि संघात चौदा वर्षांची एक मुलगी, ज्युली डोलन. पुढे ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल संघटनेनं राष्ट्रीय संघाचा पहिला अधिकृत सामना १९७९ चा धरला, न्यूझीलंडविरुद्ध सिडनीत झालेला २-२ बरोबरीचा. अधिकृत यादीत डोलन पहिल्या क्रमांकाची खेळाडू आहे आणि तिकडच्या महिला लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूला तिच्याच नावाचं पदक देतात. पण १९७५ च्या मुलींचा दर्जा काय, यावर नंतर कित्येक वर्षं वाद चालला. स्पर्धा तीच. न्यूझीलंडनं तिला आपल्या इतिहासाची सुरुवात मानलं, ऑस्ट्रेलियानं ती बाजूला ठेवली. कुठला सामना ‘खरा’ धरायचा हे मैदानावर ठरत नाही, नंतर कार्यालयात ठरतं. आपल्या पदकांचंही तसंच झालं.

दुसरी स्पर्धा १९७७ ची, तैपेईत. तिथे यजमान तैवाननं थायलंडला ३-१ हरवलं. जपानकडून आली ती एका क्लबची टीम, एफसी जिन्नान, कारण जपानच्या फुटबॉल संघटनेनं तोवर महिलांचा राष्ट्रीय संघ काढलेलाच नव्हता.

इथे थोडं राजकारण सांगावं लागेल, नाहीतर पुढचं काहीच उलगडणार नाही. १९७४ साली आशियाई महासंघानं चीनला सदस्यत्व दिलं आणि तैवानला बाहेर काढलं. तैवानचा पुरुष संघ मग ओशनियाच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या बाजूच्या देशांच्या, गटात गेला. पण महिलांची आशियाई संघटना महासंघाच्या हाताखाली नव्हती आणि तैवान तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यामुळे तैवानच्या मुली आशियात खेळत राहिल्या, आणि नुसत्या खेळत राहिल्या नाहीत, १९७७, १९८० आणि १९८१ अशी सलग तीन अजिंक्यपदं त्यांनी नेली. त्या संघाला मुलान म्हणत, चिनी लोककथेतल्या वीर मुलीच्या नावावरून. त्या पिढीतली चाऊ ताई-यिंग पुढे पश्चिम जर्मनीत बर्गिश ग्लाडबाख क्लबकडून खेळली. तैपेईत १९७८ पासून महिलांची एक जागतिक निमंत्रितांची स्पर्धाही भरायची. १९८१ साली तिथे पश्चिम जर्मनीच्या वतीनं याच बर्गिश ग्लाडबाखचा संघ आला, कारण जर्मनीलाही तेव्हा महिलांचा राष्ट्रीय संघ नव्हता. क्लबनं ती स्पर्धा जिंकली आणि जर्मन महासंघाची पंचाईत झाली. त्यांच्या राष्ट्रीय संघाचा पहिला सामना झाला तो १० नोव्हेंबर १९८२ ला, कोब्लेन्झमध्ये. आज जर्मनीच्या महिलांनी जिंकलेल्या चषकांची रांग बघताना हे कुणाला आठवत नाही.

आता कालिकत.

भारतात महिला फुटबॉलची स्वतंत्र संघटना १९७५ साली निघाली आणि त्याच वर्षी लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. राष्ट्रीय संघाचे पहिले प्रशिक्षक सुशील भट्टाचार्य, ईस्ट बंगालचा अनुभव असलेला जाणता माणूस. खेळाडू मुख्यतः बंगालच्या, पण सगळ्या नव्हे. गोव्याची योलांडा डिसूझा याच पिढीतली आघाडीची खेळाडू, हे आपल्याकडच्या मुलींना मुद्दाम सांगा. स्पर्धेचं यजमानपद भारताला मिळालं आणि ती जानेवारी १९८० मध्ये केरळात कालिकतला झाली. या गावाची निवड उत्तम होती. सेठ नागजी स्पर्धेमुळे तिथला प्रेक्षक १९५२ पासून बाहेरचे संघ बघत आलेला, फुटबॉल म्हणजे घरचंच कार्य असल्यासारखा.

या स्पर्धेत भारताचे दोन संघ उतरले होते, एक ‘एस’ आणि एक ‘एन’. ऑस्ट्रेलियाकडून आली ती वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या राज्याची निवड. हाँगकाँग आणि फिलिपिन्स होते, आणि तैवान होतं, ज्याला आता चिनी तैपेई या नावानं खेळावं लागत होतं. भारताचा ‘एस’ संघ अंतिम फेरीपर्यंत गेला आणि चिनी तैपेईकडून २-० असा हरला.

‘यजमानांचे दोन संघ कसे काय, ही कसली आशियाई स्पर्धा?’ असं मला प्रशिक्षकांच्या वर्गात दरवेळी कुणीतरी विचारतं. स्पर्धा चालवणाऱ्याच्या नजरेनं बघा. बाहेरून येणारे संघ मोजके, प्रवासाचा खर्च ज्याचा त्याला, आणि ऐनवेळी एखादा संघ गळेल याची टांगती तलवार. यजमानांनी दुसरा संघ दिला की कार्यक्रम भरतो, प्रत्येक पाहुण्या संघाला एक सामना जास्त मिळतो आणि यजमानांच्या दुप्पट मुलींना परदेशी संघाशी खेळायचा अनुभव मिळतो. मी स्वतः मुलींच्या स्पर्धेचा कार्यक्रम लावताना असे निर्णय घेतलेत आणि पुन्हा घेईन. दर्जा थोडा पातळ होतो हे मान्य. पण ज्या मुलीला एरवी वर्षात परदेशी संघ दिसणारही नाही, तिला तो नव्वद पावलांवर वॉर्मअप करताना दिसतो, सामन्यात ती त्यांच्या मध्यरक्षकाच्या अंगावर जाते, चेंडू हरवते, पुन्हा जाते. त्या अनुभवाची भरपाई शिबिरात होत नाही.

पुढच्याच वर्षी, जून १९८१ मध्ये, हाँगकाँगला आठ संघांची स्पर्धा झाली. चिनी तैपेईनं अंतिम सामन्यात थायलंडचा ५-० धुव्वा उडवला. भारतानं यजमान हाँगकाँगला २-० हरवून तिसरा क्रमांक घेतला. जपानच्या महिला राष्ट्रीय संघाचा पहिला अधिकृत सामना याच स्पर्धेतला, ७ जून १९८१ चा. चिनी तैपेईकडून ते १-० हरले आणि गटातच बाद झाले. फलकावर जागा असेल तर हे जरूर टाका: जपाननं जिथून सुरुवात केली त्या स्पर्धेत भारत तिसरा होता. बरोबर तीस वर्षांनी, २०११ साली, जपान जगज्जेता झाला.

१९८३ ची स्पर्धा बँकॉकला. थायलंडनं भारताला अंतिम सामन्यात ३-० हरवलं. इथे मात्र मी मुलींना सरळ सांगते की हे रौप्य १९८० च्या रौप्यापेक्षा हलकं आहे. चिनी तैपेई नव्हती, जपान नव्हता, चीन अजून उतरलाच नव्हता. त्याच वर्षी शांती मल्लिकला अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलमधला देशातला पहिला. दुसरा कधी मिळाला माहीत आहे? ओइनाम बेंबेम देवीला, २०१७ साली. मधली चौतीस वर्षं कोरी. आपली घसरण एका ओळीत दाखवायची झाली तर मी या दोन तारखा दाखवीन.

१९८६ साली महिलांची आशियाई संघटना आशियाई महासंघात सामील झाली आणि डिसेंबरमध्ये हाँगकाँगला झालेली स्पर्धा महासंघाच्या छत्राखालची पहिली ठरली. चीन पहिल्यांदा आला आणि पहिल्याच फटक्यात जपानला २-० हरवून जिंकला. तिथून १९९९ पर्यंत सलग सात वेळा चीनच. तीन वेळची विजेती चिनी तैपेई मात्र स्पर्धेबाहेर होती, कारण ती ओशनियात मोजली जात होती. तिनं तिकडे जाऊन १९८६ आणि १९८९ ची ओशनिया स्पर्धा जिंकली आणि मग ती आशियात परतली. स्पर्धेला अधिकृत शिक्का मिळाला तेव्हा तिची सर्वात यशस्वी टीम तिच्यात नव्हती, यावरून शिक्क्याला किती महत्त्व द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

युरोपची पहिली अधिकृत स्पर्धा कशी होती, तेही बघू. लोक कालिकतला नाकं मुरडतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

युरोपातही सुरुवात बाहेरच्यांनीच केली. १९६९ साली इटलीत चार देशांची स्पर्धा खाजगी संयोजकांनी भरवली आणि इटलीनं ती जिंकली. १९७१ साली मेक्सिकोत तर लाखाच्या घरात प्रेक्षक आले. अझ्टेका मैदानावर डेन्मार्कनं मेक्सिकोला ३-० हरवलं आणि तिन्ही गोल पंधरा वर्षांच्या सुसान ऑगस्टेसेनचे. एवढी गर्दी आणि एवढा पैसा आपल्या हाताबाहेर चाललाय हे बघितल्यावर युरोपच्या महासंघाला जाग आली. त्याच वर्षी सदस्यांनी ३१ विरुद्ध १ मतानं ठरवलं की प्रत्येक देशाच्या संघटनेनं महिला फुटबॉल स्वतःकडे घ्यावं. विरोधातलं एकटं मत स्कॉटलंडचं. तरीही खंडीय स्पर्धा व्हायला आणखी तेरा वर्षं लागली. १९८२ मध्ये पात्रता फेरी सुरू झाली तेव्हा सोळाच देश आले. निम्मे सदस्यही नाहीत म्हणून तिला अजिंक्यपद स्पर्धेचा दर्जा दिला नाही. तो दर्जा १९९१ ला मिळाला. तरी आज युरोपचा महासंघ १९८४ लाच पहिली आवृत्ती मानतो.

आणि तिचं रूप? सामना सत्तर मिनिटांचा, म्हणजे पस्तीस-पस्तीसचे दोन डाव, आणि चेंडू चार नंबरचा, जो आज आपण बारा-तेरा वर्षांच्या मुलांना देतो. अंतिम सामना दोन टप्प्यांत. २१ मे १९८४ ला गोथेनबर्गच्या उलेवी मैदानावर स्वीडननं इंग्लंडला १-० हरवलं, पिया सुंडहागेचा हेडर. २७ मे ला परतीचा सामना लुटनच्या केनिलवर्थ रोडवर. पावसानं मैदानाचा नुसता राडा झालेला, अंगात चिखल, चेंडू पुढे जाता जात नव्हता. लिंडा कर्लनं एकतिसाव्या मिनिटाला गोल करून एकूण स्कोअर बरोबरीत आणला. जादा वेळ ठेवलाच नव्हता, थेट पेनल्टी. स्वीडन ४-३ नं जिंकलं आणि शेवटची पेनल्टी पुन्हा सुंडहागेचीच. प्रेक्षक अडीच हजारांच्या आसपास. त्या इंग्लंडच्या चमूत होप पॉवेल नावाची कोवळी मुलगी होती, जी पुढे पंधरा वर्षं इंग्लंडची प्रशिक्षक झाली. सुंडहागेनं प्रशिक्षक म्हणून अमेरिकेला २००८ आणि २०१२ ची ऑलिंपिक सुवर्णं मिळवून दिली.

मिनिटांचा मुद्दा मी उगीच काढत नाही. पस्तीस मिनिटांच्या डावात धावण्याची ताकद झाकता येते, पंचेचाळीसच्या डावात नाही. मुलींचा संघ पुरेसे पूर्ण वेळेचे सामने खेळला नसेल तर साठाव्या मिनिटाच्या पुढे एकच गोष्ट दिसते. बचावफळी भीतीनं आत सरकते, आघाडीच्या दोघी परत येणं सोडून देतात आणि मधे पंचवीस-तीस मीटरचं भगदाड पडतं. समोरचा संघ त्या जागेत निवांत चेंडू घेऊन वळतो. १९९१ च्या पहिल्या विश्वचषकातही सामने ऐंशीच मिनिटांचे होते. ज्या देशांनी मधल्या काळात आपल्या मुलींना सामने दिले, ते सत्तरवरून ऐंशीवर आणि ऐंशीवरून नव्वदवर त्रासाविना गेले.

इतर खंडांचं थोडक्यात. ओशनियाची पहिली स्पर्धा १९८३ ला न्यू कॅलेडोनियातल्या नुमेआला, न्यूझीलंडनं ऑस्ट्रेलियाला जादा वेळेत ३-२ हरवलं. दक्षिण अमेरिकेची पहिली १९९१ ला ब्राझीलच्या मरिंगात, आणि त्यात संघ किती? तीन. ब्राझील, चिली, व्हेनेझुएला. उत्तर आणि मध्य अमेरिकेची त्याच वर्षी हैतीत, जिथे अमेरिकेनं पाच सामन्यांत ४९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. या सगळ्या अधिकृत. कालिकतचं मैदान यांच्यापुढे कुठेही कमी नव्हतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. १९८३ च्या अंतिम सामन्यानंतर भारत आशियाई स्पर्धेत पुन्हा दिसला तो १९९५ ला. १९८६, १९८९, १९९१ आणि १९९३, चार स्पर्धांत आपला संघच नव्हता. नेमक्या याच वर्षांत जग पुढे गेलं. १९८६ साली नॉर्वेच्या एलेन विले यांनी फिफाच्या अधिवेशनात उभं राहून महिलांच्या विश्वचषकाची मागणी केली, १९८८ ला चीनमध्ये चाचणी स्पर्धा झाली, १९९१ ला विश्वचषक. त्या विश्वचषकाला आशियातून चीन, जपान आणि चिनी तैपेई गेले. यातल्या जपानच्या पुढे आपण दहाच वर्षांपूर्वी होतो. आणि १९९८ च्या बँकॉक आशियाई खेळांत आपण चीनकडून १६-० असे हरलो.

काही जण याचं खापर मुलींच्या घरच्यांवर किंवा समाजावर फोडतात. मला ते अर्धवट वाटतं. १९७५ चा समाज १९९० च्या समाजापेक्षा पुढारलेला होता असं कुणी म्हणेल का? १९८० साली मुली हाफ पँट घालून कालिकतच्या मैदानावर उतरत होत्या. माझ्या मते फरक सामन्यांचा पडला. जुनी संघटना गरीब होती, तिच्यात भांडणं असतील, पण तिचं एकमेव काम महिला फुटबॉल हे होतं, म्हणून संघ जायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती अखिल भारतीय महासंघात विलीन झाली. विलीनीकरण हवंच होतं, त्याशिवाय फिफाच्या स्पर्धांचं दार उघडत नव्हतं. पण मोठ्या घरात गेल्यावर महिला संघ कामांच्या यादीत शेवटी पडला. २००९ मध्ये तर पुरेसे सामने न खेळल्यामुळे भारताचं नाव फिफाच्या महिला क्रमवारीतून निघालं. देशपातळीवरची महिला लीग सुरू व्हायला २०१६-१७ चा हंगाम उजाडला.

याचं छोटं रूप तुम्हाला तुमच्याच तालुक्यात दिसेल. शालेय स्पर्धेत मुलींच्या गटात जिल्ह्याला बरेचदा दोन-तीनच संघ येतात. एक सामना जिंकला की विभागाला, हरला की ते वर्ष संपलं. वर्षभर सकाळी सहाला मैदानावर येणाऱ्या मुलीला स्पर्धेचा अनुभव मिळतो तो पन्नास-साठ मिनिटांचा. म्हणून तुम्ही संघ सुरू केलाय तर माझा आग्रह असा की बूट आणि टी-शर्टच्या आधी सामने बघा. आजूबाजूच्या तीन शाळा धरा, महिन्यातून दोन शनिवार ठरवा. संघ अपुरा पडला तर कालिकतसारखे स्वतःचेच दोन संघ उतरवा. सात-सातचे खेळवा, लहान मुलांशी खेळवा. शेजारच्या शाळेकडे पंच नसेल तर तुमच्याच मोठ्या मुलींना शिट्टी द्या, नियम असे पक्के होतात की विचारू नका.

फलकाच्या शेवटी आपल्या महाराष्ट्राचीही नोंद येते. २०२२ चा महिला आशिया चषक नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात झाला, बारा संघांचा. यजमान म्हणून भारताला प्रवेश होता. २० जानेवारीला इराणशी ०-० बरोबरी झाली आणि २३ तारखेला नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर चिनी तैपेईशी सामना होता. कालिकतच्या अंतिम सामन्यातला तोच प्रतिस्पर्धी. त्या दिवशी संघात करोनाचे इतके रुग्ण निघाले की नियमानं लागणाऱ्या किमान तेरा जणींची नावंसुद्धा देता आली नाहीत. सामना झालाच नाही, भारत स्पर्धेबाहेर गेला. याच मैदानावर ६ फेब्रुवारीला चीननं ०-२ अशी पिछाडी भरून काढत दक्षिण कोरियाला ३-२ हरवून चषक नेला. आपल्या मुलींबद्दल वाईट वाटणं अजून जात नाही.

पण त्यातल्या काही मुली थांबल्या नाहीत. ५ जुलै २०२५ ला चियांग माईमध्ये भारतानं थायलंडला त्यांच्याच घरात २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि २०२६ च्या आशिया चषकाची पात्रता मिळवली. पात्रता फेरी खेळून, स्वतःच्या पायावर, पहिल्यांदाच. थायलंड म्हणजे १९८३ च्या अंतिम सामन्यात आपल्याला ३-० हरवणारा संघ. आणि २०२६ च्या गटात जपान, व्हिएतनाम यांच्याबरोबर पुन्हा चिनी तैपेई.

एक काम मात्र तुमच्याकडे मागते. त्या पहिल्या पिढीच्या बायका आता साठी-सत्तरीत आहेत. राज्य संघाकडून, रेल्वेकडून, विद्यापीठाकडून खेळलेल्या कितीतरी जणी आपल्या आसपास असतील आणि त्यांच्या सोसायटीतसुद्धा कुणाला माहीत नसेल. अशी कुणी सापडली तर मुलींना घेऊन जा. नुसतं भाषण करायला बोलावू नका. कपाटातली प्रमाणपत्रं, सामन्याचे पास, संघाचे फोटो काढायला लावा. फोटोच्या मागे पेन्सिलनं डावीकडून उजवीकडे प्रत्येकीचं नाव, मैदान आणि साल लिहून घ्या. सामना किती मिनिटांचा होता, गोलरक्षक कोण होती, बदली खेळाडू किती होत्या, बूट कुठले होते, प्रवास कुणाच्या पैशानं झाला, हे विचारा. स्कोअर त्यांना आठवणार नाही कदाचित, पण गोल कुणी कुठून मारला हे हमखास आठवतं. मग ते सगळं मोबाइलवर स्कॅन करून एक प्रत शाळेत ठेवा आणि मूळ कागद त्यांना परत द्या.